चिंचेच्या पाण्यात आठ सुऱ्या

आमच्या बैठकीत सोफ्याच्या वर, भिंतीवरच्या फळीला नऊ सुऱ्या टांगलेल्या आहेत. नवा पाहुणा आला की आधी त्या सुऱ्यांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मग सोफा सोडून दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. त्याला लगेच सांगावं लागतं की बाबा रे, या सुऱ्यांनी आजवर लिंबूसुद्धा कापलेलं नाही. त्या नुसत्या बघायच्या आहेत. माझ्या सासऱ्यांनी हातानं बनवलेल्या.

सासरे, म्हणजे आमच्या विदर्भाकडच्या रिवाजानं मामाजी, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, आणि राहायला आमच्याकडेच. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या ओट्यावर जाऊन बसतात, मामाजी इकडच्या आमच्या हिंदी शहरात, गुढियारी मोहल्ल्यातल्या कबाड्याच्या दुकानात जाऊन बसले. तिथून ट्रकच्या कमानीचं पोलाद आणायचं, जुने पितळी नळ आणायचे, मोडक्या समया आणायच्या आणि मागच्या पडवीत लोखंड आवळायचा शिकंजा लावून दिवसभर घासत बसायचं. वर्षाला एक सुरी. कमानीच्या पोलादाचं पातं, त्याचा दांडा आरपार घातलेली शिसवीची मूठ, मुठीच्या खालच्या टोकाला पितळी टोपी आणि पात्याजवळ एक जाड पितळी कडं. कड्यावर कानशीनं कोरलेल्या केसासारख्या बारीक खाचा. त्या खाचा मोजायला गेलं तर माझं डोकं गरगरतं, त्यांनी त्या नुसत्या नजरेनं कोरल्या.

या पितळेला हात लावायची परवानगी घरात कोणालाच नव्हती. मला तर नव्हतीच. याची कारणं मामाजींनी कधी बोलून दाखवली नाहीत, कारण जावयाला बोलायचं नसतं. पण त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, बोलू शकते आणि बोलते. गॅसची शेगडी स्वच्छ करताना तिचे बर्नर मी अदलाबदल करून बसवले होते, आणि स्कूटीत तेल टाकायचं तिथे टाकलं नव्हतं. सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या. फायलीला गंज चढत नाही, आणि चढला तरी तो आधीच्या बाबूनं चढवलेला असतो, या एका तत्त्वावर माझी नोकरी सुखात पार पडली. घरात ते तत्त्व चालत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेजारीपाजारी पान्हे-पेचकस, शिलाई मशीन, मोटारसायकल पुजतात. आमच्याकडे या नऊ सुऱ्या फळीवरून उतरतात आणि मामाजींच्या कानशी-हातोडीशेजारी पाटावर मांडल्या जातात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही. तो त्याच्या आरामाचा दिवस. त्यामुळे घासायचं, पुसायचं, उजळायचं ते सगळं पूजेच्या आधी. दरवर्षी मामाजी चार दिवस एकटे बसून हे काम करायचे.

यंदा ते करू शकत नव्हते. त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि त्यांनी तो कोण जाणे किती काळ आमच्यापासून लपवून ठेवला होता. शेवटी एका सकाळी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, अगदी शांतपणे, आणि रिकामा कप तोंडाला लावला. मग ऑपरेशन झालं. धुळीत बसायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. मामाजी आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडून राहिले. आणि नेमकं याच वर्षी त्यांचे उस्ताद येणार होते.

उस्ताद म्हणजे ज्यांनी मामाजींना कारखान्यात कानस धरायला शिकवली ते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, राहायला पुरानी बस्तीत. आधी दर नवमीला यायचे. मग गुडघे गेले आणि चार वर्षं येणं बंद झालं. यंदा त्यांचा निरोप आला, "गाडी भेजोगे तो आऊँगा." तेव्हापासून मामाजी पडल्या पडल्या छताकडे बघून हसत होते. लोकांनी कौतुक केलं तर मामाजी ऐकून घेतात, पण मनावर घेत नाहीत. उस्तादांनी नुसतं "हव", म्हणजे हो, म्हटलं तर मात्र दोन दिवस जेवण जास्त जातं. माणसाची सगळी इज्जत दुसऱ्या एका माणसाच्या नजरेत असते, तसं ते होतं.

पूजेला तीन दिवस उरले तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"जवाईबापू, तुमाले जमन का?"

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी हातानं करायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "मामाजी, तुम्ही निवांत राहा."

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की आमच्या घरात सगळे सावध होतात. बायकोनं दारातून माझ्याकडे पाहिलं.

मामाजींनी सूचना दिल्या. पितळेला उघडा हात लावायचा नाही, घामाचे डाग पडतात. जुन्या सुती लुगड्याची चिंधी घ्यायची. सुऱ्या चामड्याच्या म्यानात ठेवायच्या नाहीत, चामड्यानं पितळेला हिरवं सुटतं. पॉलिशची बाटली पडवीत आहे, थोडं थोडं लावायचं, घाई करायची नाही. मी "हो हो" म्हणत होतो आणि मनात हिशेब करत होतो की नऊ सुऱ्या, प्रत्येकीचं एक कडं आणि एक टोपी, असं थोडं थोडं घासत बसलो तर दसरा काय, दिवाळी उजाडेल.

आणि पितळ मला काय नवीन होतं? माझी आई देवघरातल्या समया, घंटी, तांब्या चिंचेनं घासायची. काळंकुट्ट पितळ दोन मिनिटांत सोन्यासारखं व्हायचं. हे लहानपणापासून बघितलेलं ज्ञान होतं. त्यात मी स्वतःची थोडी भर घातली. आई हातानं घासायची, मी म्हटलं भिजवून ठेवू. एक बादली घेतली, पाव किलो चिंच कोमट पाण्यात कुस्करली, मूठभर मीठ टाकलं, आणि आठ सुऱ्या मूठ खाली पातं वर अशा बादलीत उभ्या केल्या. नववी सगळ्यात लांब होती. ती टाकली की बादलीच कलंडायची, म्हणून तिला वरवर चिंधी मारून फळीवर परत टांगली. पात्यांना मी पॉलिथिन गुंडाळून वरून रबर लावलं होतं, म्हणजे मी किती दूरचा विचार केला होता ते बघा.

आतल्या खोलीतून आवाज आला, "जवाईबापू, चिंचीचा वास काहून येऊन राहिला?"

"सांबार करून राहिली ही," मी म्हणालो.

बायको माझ्यासमोरच उभी होती. तिनं बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, बाबाच्या डोयाचं ऑपरेशन झालं, नाकाचं नाही." मग ती गेली आणि तिनं खरोखर सांबार टाकलं. माझ्या खोटेपणाला आमच्या घरात नेहमी कोणीतरी फोडणी देतं, म्हणून तो टिकतो.

पितळ भिजतंय तोवर मी सदर बाजारात निघालो. लुगड्याच्या चिंध्या उस्तादांसमोर बऱ्या दिसणार नाहीत, मऊ फलालीन आणावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण सदर बाजारात दसऱ्याची गर्दी, एकमेकांत अडकलेल्या स्कूटी, आणि कापडवाल्याकडे कचेरीतला जुना सोबती भेटला. त्यानं चहा पाजला, मी त्याला पितळ साफ करण्याची घरगुती पद्धत समजावून सांगितली. त्याला ती फार आवडली. घरी आलो तेव्हा साडेतीन तास झाले होते.

बादलीतलं पाणी गढूळ हिरवट झालं होतं. मी पहिली सुरी उचलली. कडं काळं नव्हतं, एवढं खरं. पण ते पिवळंही नव्हतं. ते गुलाबी होतं. तांब्यासारखं, लाजलेल्या गालासारखं, ठिकठिकाणी फिकं आणि ठिकठिकाणी गडद. दुसरी सुरी तशीच. आठवीपर्यंत बघायची हिंमत करता करता मी खाली बसलो. शिसवीच्या मुठींचं तेल उतरून त्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि कड्याच्या सांध्यातून काळं पाणी झिरपत होतं. पॉलिथिनमधली पाती तेवढी मस्त कोरडी होती.

इथे थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण चूक झाली की मला ती एकटी बघवत नाही. मी सुऱ्या धुतल्या, पुसल्या, फलालीननं घासघास घासल्या. गुलाबीपणा तसाच, उलट आता तो चमकायला लागला. मी विचार केला की निदान ही चमक तरी टिकवू. मुलीकडे नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशच्या दोन बाटल्या होत्या. तिचं मराठी आमच्याशी बोलताना दोन वाक्यांत संपतं.

"पापा, आप चाकू का मॅनिक्युअर कर रहे हो?"

"तू फक्त बाटली दे."

"और नानाजी को क्या बोलोगे?"

"बोलूंगा कुछ."

ती बाजूला उभी राहून ब्रश कसा फिरवायचा ते दाखवत होती. आठ कडी आणि आठ टोप्या झाल्या तेव्हा घरभर वास सुटला होता. आतून आवाज आलाच.

"आता कायचा वास आहे?"

"पोट्टीनं नखाले रंग लावला, मामाजी!"

आतून परत आवाज, "किती नखं आहेत तिले?"

नवमीच्या सकाळी आंघोळ करून मामाजी स्वतः बैठकीत आले. बायकोनं पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, झेंडूचा हार ताटात होता. मी सुऱ्या ओळीनं मांडून वर माझं नवं फलालीन झाकून ठेवलं होतं. मामाजींनी काळा चष्मा काढला. नव्या डोळ्यानं ते आधी सगळ्या खोलीकडे बघत राहिले, पडद्याचा रंग निळा आहे हे त्यांना नव्यानं कळलं. मग त्यांनी फलालीन उचललं.

त्यांनी एकेक सुरी चिंधीनं धरून उचलली, उजेडात फिरवली आणि परत ठेवली. शेवटी लांब सुरी उचलली, तिच्या कड्यावर अंगठा ठेवला आणि अंगठा तसाच राहू दिला.

"लाल काहून झालं?" ते म्हणाले.

"चिंच, मामाजी."

"किती येळ?"

"साडेतीन तास."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते सोफ्यावर बसले आणि बायकोला म्हणाले, "बाई, उस्तादले फोन लाव. म्हना माई तबेत बरी नाही, पुढच्या साली या." पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसाला पुढच्या सालचं सांगताना त्यांचा आवाज बसला.

पण फोन लावायची वेळ निघून गेली होती. आमची मुलगी रिक्षा घेऊन पुरानी बस्तीत गेली होती आणि उस्ताद तिच्या खांद्याला धरून फाटकातून आत येत होते.

बारीक, वाळलेला माणूस. हातात कापडी पिशवी. मामाजी उठून उभे राहिले, हात बाजूला सरळ, जसे पहिल्या दिवशी कारखान्यात उभे राहिले असतील तसे. उस्ताद खुर्चीवर टेकले, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "ये का हो गे जी?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मग मीच बोललो. एकदा सांगायचं ठरवल्यावर मी काही राखून ठेवत नाही. माझ्या बिघडलेल्या हिंदीत आईच्या समया, बादली, मीठ, पॉलिथिन, सदर बाजार, सांबार, नखं, सगळं सांगितलं. सांबारापर्यंत उस्ताद गंभीर होते. नखांपाशी त्यांना हसू आलं आणि मग खोकला आला. बायकोनं पाणी दिलं.

"इमली खराब नइ हे," ते डोळे पुसत म्हणाले. "तुम्हारी माँ ठीक करती थी. लोटे में खाली पीतल है. लेकिन इसके पेट में लोहा है. खटाई में लोहा और पीतल को एक संग नहीं नहलाते. नहलाओगे तो पीतल का तांबा बाहर आकर बैठ जाएगा. हमारे कारखाने में हर नया लड़का एक बार यही करता था." मग मामाजींकडे बोट दाखवून, "ये भी किया था."

मामाजी किंचित हसले, पण खाली बघत.

बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती. मुहूर्त टळतोय, शिरा गार होतोय, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. उस्तादांनी हात वर केला. "बेटी, हल्दी-कुंकू अभी नहीं. एक बार चढ़ गया तो कल सुबह तक यही लाल मुँह देखना पड़ेगा. पहले काम."

आणि काम सुरू झालं. मुलीच्या नखांचा रंग काढायच्या पाण्यानं आधी माझी वार्निश उतरवली. फलालीन उस्तादांनी बाजूला फेकलं, लुगड्याची चिंधी मागितली. पॉलिशचा एक थेंब, बोळा घट्ट, आणि एकाच दिशेनं घासायचं. "गोल-गोल नहीं जी, रोटी नहीं बेल रहे हो." गुलाबी थर हळूहळू सुटत गेला आणि चिंधी काळी होत गेली. पिवळं पहिल्यांदा डोकावलं तेव्हा मी इतका ओरडलो की शेजारची बाई खिडकीत आली. मामाजींना धुळीपासून लांब बसवलं होतं. त्यांच्याकडे शेवटचं काम, उजळलेल्या पितळेवर मेणाचा पातळ हात फिरवायचा आणि मुठींना तेल द्यायचं. तासाभरानं ते उस्तादांशी कारखान्यातल्या गोष्टी बोलायला लागले. शिरा आम्ही पूजेआधीच बशीत घेऊन खाल्ला, कारण उस्तादांना औषध घ्यायचं होतं. देवांनी समजून घेतलं असावं.

तीन वाजता आठ सुऱ्या पाटावर होत्या, पिवळ्याधमक. उरली होती ती लांब सुरी.

"ये तो पीली है. ये कैसे बची?"

"बाल्टी में नहीं समाई," मी म्हणालो.

उस्ताद हसले. मग त्यांनी पिशवीतून बांबूची एक बारीक चिरलेली काडी काढली आणि सहज कड्याच्या खाचेत घातली. खाचेतून पांढरा भुगा पडला. त्यांनी पुढच्या खाचेत घातली. परत पांढरा. तिसऱ्या खाचेतला थर चुन्यासारखा घट्ट बसला होता, काडी वाकली पण तो निघेना.

"ये तो सूखा पॉलिश है," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "लगाकर पोंछा नहीं. एक ही बरस का नहीं है, हर बरस की परत पर परत चढ़ी है. ये काम किसका है?"

मेणाचा हात थांबला. मी मामाजींकडे बघितलं आणि सकाळी या कड्यावर त्यांचा अंगठा का तसाच राहिला होता ते माझ्या डोक्यात शिरलं. उस्ताद आले नव्हते ती चार वर्षं ते धुकट डोळ्यांनी सुऱ्या घासत होते. चमकतंय का ते हातानं चाचपत होते, आणि खाचांमध्ये काय राहतंय ते त्यांना दिसतच नव्हतं. बाकीच्या आठांतलं माझ्या चिंचेनं आणि घासण्यानं निघून गेलं होतं. या एकीत ते तसंच होतं, आणि ते त्यांना आज सकाळी, नव्या डोळ्यानं, पहिल्यांदा दिसलं होतं.

"वो भी मेरा ही है," मी म्हणालो.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं.

"खांचों का काम हर साल मेरे पास रहता है. मामाजी बाकी सब करते हैं, ये बारीक काम मेरे को देते हैं. मैं लगाकर भूल जाता हूँ."

दारात बायको उभी होती. तिला माहीत होतं की यंदाच्या आधी मी त्या सुऱ्यांना कधी बोटही लावलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, मी मान हलवली, तिनं ते मिटलं.

मामाजींनी तेलाची वाटी खाली ठेवली. क्षणभर त्यांच्या ओठांची हालचाल झाली, आणि मला वाटलं ते आता खरं सांगून टाकतात. मग त्यांनी घसा खाकरला आणि भर बैठकीत, उस्तादांच्या देखत, जावई माणसाला झापायला सुरुवात केली.

"हजार दा सांगतलं तुमाले! पॉलिश लावलं का काडी फिरवा, काडी फिरवा! ऐकूनच नाही राहिले! मानूस फायलीत गेला म्हनून काय हाताले काहीच येऊ नये?"

"चुकलं, मामाजी."

"चुकलं म्हनून खाच साफ होते का?"

आवाज चढत गेला तसा त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. माझ्या शेगडीचा, स्कूटीचा, ज्या गोष्टींबद्दल ते तीस वर्षं एक शब्द बोलले नव्हते त्या सगळ्यांचा उद्धार झाला. मुलगी मागे उभी राहून मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करून हसत होती.

उस्तादांनी बांबूची काडी माझ्या हातात दिली. "हव. तो फिर तुम ही निकालो," ते म्हणाले आणि खुर्चीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

मी मांडी घालून बसलो आणि एकेक खाच कोरायला लागलो. थर घट्ट होता, आधी तेलाचा थेंब टाकून भिजवायचा, मग काडीनं उचलायचा. बराच वेळ गेला. मला वाटलं आता झालं, म्हणून मी सुरी वर धरली.

"थांबा," मामाजी चार हातांवरून, खुर्चीतून न उठता म्हणाले. "डाव्या बाजूची तिसरी. अजून राहिलं आहे तिथं."

मी डोळ्याजवळ धरून बघितलं. राहिलं होतं.